वेदीपुढची गिटार

१९९७ साली न्यूजबॉइज या बँडचा मुख्य गायक जॉन जेम्स बँड सोडून गेला. नवा गायक आणायला कुणी बाहेर गेलं नाही. इतकी वर्षं मागे बसून ड्रम वाजवणारा पीटर फर्लर उठला आणि पुढे माईकसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या ड्रमवर डंकन फिलिप्स बसला. तोवर तो तालवाद्यं आणि कीबोर्ड सांभाळत असे. पुढच्या वर्षी आलेल्या अल्बमचं नाव होतं ‘स्टेप अप टू द मायक्रोफोन’.

या बँडची सुरुवात १९८५ साली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या मूलूलाबा या समुद्रकाठच्या गावात झाली. फर्लर आणि गिटारवादक जॉर्ज पर्डिकिस हे दोघे मूळ पुरुष. चाळीस वर्षांनंतरही बँड चालू आहे, पण त्या दोघांपैकी एकही त्यात नाही. पॉप आणि रॉकच्या दुनियेत अशी अदलाबदल नेहमीचीच. ख्रिस्ती रॉकमध्ये मात्र तिला वेगळं वजन येतं, कारण इथे गाणाऱ्याकडे लोक केवळ गळ्यासाठी पाहत नाहीत. आपल्या आयुष्यात देवाने काय केलं हे चारचौघांत सांगायचं, याला मंडळीत साक्ष म्हणतात. आणि स्टेजवरचा प्रत्येक जण साक्षीदार धरला जातो. साक्षीदारच उठून गेला, तर मागे राहिलेल्या गाण्याचं काय करायचं?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. या पट्ट्यातल्या चर्चमध्ये रविवारी इंग्रजी, मराठी, कोंकणी, तमिळ, मल्याळम अशा वेगवेगळ्या भाषांतल्या उपासना होतात आणि बऱ्याच ठिकाणी वेदीच्या एका बाजूला तरुणांचा वाद्यवृंद असतो: एक-दोन गिटार, कीबोर्ड, कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) नाहीतर पूर्ण ड्रमसेट, तीन-चार गाणारे. मुलं बारावीत असताना येतात, नोकरी लागेपर्यंत टिकतात. मग कुणाची ऐरोलीत रात्रपाळी लागते, कुणी शिकायला कॅनडाला जातं, कुणी नर्सिंगसाठी आखातात किंवा आयर्लंडला. लग्नानंतर पॅरिश बदलते. दर दोन-तीन वर्षांनी चेहरे बदलतात आणि रविवार मात्र दर आठवड्याला येतच असतो. कसारा-कर्जतच्या लोकलमधली भजनी मंडळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल: पखवाजवाला निवृत्त होतो, टाळकरी बदलीवर जातो, आणि ठरलेल्या डब्यात भजन चालू राहतं.

चर्चमध्ये कोणतं संगीत शोभतं, ते कुणी वाजवायचं आणि वाजवणारा गेला की काय, हे प्रश्न आपल्या भागात इलेक्ट्रिक गिटारच्या कितीतरी आधीचे आहेत.

१८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर ठाण्याला आले आणि त्यांनी इथल्या सेंट जेम्स चर्चचं पवित्रीकरण केलं. हेबर हे इंग्रजी भजनांच्या इतिहासातलं मोठं नाव. ‘होली, होली, होली’ हे जगभर गायलं जाणारं भजन त्यांचं. ठाण्याहून गेल्यावर वर्षभराच्या आत, एप्रिल १८२६ मध्ये, त्रिचनापल्लीला त्यांचा मृत्यू झाला आणि हे भजन छापून आलं ते त्यांच्या पश्चात. आज ते ज्या चालीवर म्हणतात ती जॉन बॅकस डाइक्स यांनी १८६१ साली बांधली. शब्द लिहिणाऱ्याने आपल्या गाण्याची ही चाल कधी ऐकलीच नाही. गेल्या काही दशकांत गिटार आणि ड्रम घेऊन अनेक बँडनी हेच भजन वाजवलं आहे. भजनाचा कवी गेला, चाल नंतर आली, वाद्यं त्याहून नंतर आली, आणि गाणारे तर दर पिढीत नवे.

ठाण्यातून गेलेल्या त्या बिशपांनंतर साठेक वर्षांनी मुंबईच्या बंदरात उतरलेली मंडळी फारच वेगळी होती. १९ सप्टेंबर १८८२ रोजी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेची चार जणांची तुकडी मुंबईत आली. नेता फ्रेडरिक टकर, पूर्वी पंजाबात असलेला सनदी अधिकारी; नोकरी सोडून तो या कामात आला होता. रस्त्यावरून वाजतगाजत जायचं आणि लोक जमले की प्रवचन करायचं, ही त्यांची पद्धत. पोलिसांनी वाद्यांसह मिरवणुकीला मनाई केली. यांनी ती मोडली. दंड झाले, पुढे टकरला तुरुंगवासही झाला. विशेष म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन होते. धर्माचं गाणं रस्त्यावरच्या वाद्यांवर वाजवलं म्हणून मुंबईत माणसं गजाआड गेली, ही घटना ख्रिस्ती रॉकचा इतिहास सांगताना कुणी काढत नाही. काढायला हवी. चर्चच्या भिंतीआडचं गाणं बाहेर आणायचं आणि लोकांच्या कानाला सवयीच्या असलेल्या वाद्यांवर म्हणायचं, हाच तर त्या साऱ्या चळवळीचा गाभा.

मराठीत हेच काम सर्वांत खोलवर केलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर मराठी मंडळ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर इंग्रजी भजनांची भाषांतरं इंग्रजी चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग, पदं, कीर्तन या ओळखीच्या वाटांनी येशूचं गाणं मराठी माणसाच्या तोंडी दिलं. त्यांची गीतं आजही ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातून मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत म्हटली जातात. टाळ-मृदंग देवळातले, ते चर्चमध्ये कसे, ही कुरबुर त्या काळी होतीच. पुढे गिटार आणि ड्रमबाबत झाली ती याच कुरबुरीची पुढची आवृत्ती.

टिळकांच्याच घरात बदलत्या हातांचं एक विलक्षण उदाहरण आहे. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते वारले. पोथी अर्धवट राहिली. ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली त्या लक्ष्मीबाईंनी ते काम उचललं आणि बहुतेक काव्य त्यांनीच लिहिलं. त्याही गेल्यावर शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. एक ग्रंथ, तीन हात. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचलेल्या वाचकाला लक्ष्मीबाई म्हणजे काय ताकदीची बाई हे सांगायला नको. पण नवऱ्याच्या नावाने सुरू झालेलं काव्य आपल्या शब्दांत पुढे नेताना त्यांनी कोणतं दडपण सोसलं असेल, याचा विचार कमीच होतो. गायक बदलल्यावर माईकसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ते दडपण येतं.

कॅथलिक बाजूला दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवरचा दस्तऐवज संमत झाला आणि लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा म्हणण्याची वाट मोकळी झाली. त्यात स्थानिक संगीतपरंपरांना उपासनेत मान देण्याची भूमिकाही होती. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वसईच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या दृष्टीने तर ही मोठीच घटना होती. पुढे १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप म्हणून आले थॉमस डाबरे, ज्यांचा संशोधनाचा विषय होता तुकारामांचा ईश्वरानुभव. संत तुकाराम जाणणारा बिशप असलेल्या भागात भजनी ठेक्यावरच्या येशूगीताला कुणाची हरकत असणार?

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी तरुणांची एक लाट चर्चकडे वळली. लांब केस, अनवाणी पाय, हातात गिटार. लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम १९६९ साली कॅपिटल या बड्या कंपनीने काढला आणि ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. १९७२ साली इंडियानातल्या फोर्ट वेन शहरात बॉब हार्टमनने पेट्रा हा बँड उभा केला. पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये खडक. या बँडला चर्चमधूनच सर्वांत जास्त विरोध झाला. जिमी स्वॅगर्ट या लोकप्रिय टीव्ही प्रवचनकाराने तर १९८७ साली धार्मिक रॉकविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं आणि या संगीताला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवलं.

पेट्राचे गायक बदलत गेले. १९७९ नंतर ग्रेग व्होल्झ, १९८६ पासून जॉन श्लिट. श्लिट आधी ‘हेड ईस्ट’ या साध्या, म्हणजे धर्माशी संबंध नसलेल्या, रॉक बँडमध्ये होता. व्होल्झचा आवाज मऊ, श्लिटचा खरखरीत आणि उंच. त्यामुळे एकाच नावाखाली जणू दोन बँड होऊन गेले आणि चाहत्यांचे दोन तट पडले. पण गाणी बहुतांशी लिहिणारा माणूस एकच राहिला: हार्टमन. १९९५ मध्ये तो दौऱ्यांतून बाहेर पडला, तरी लिहीत राहिला. २००५ च्या अखेरीस पेट्राने निरोप घेतला तेव्हा त्यात इतके लोक येऊन गेले होते की सर्वांची नावं एका दमात सांगणारा चाहता दुर्मीळच. २००० साली गॉस्पेल म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेला हा पहिला रॉक बँड.

नव्वदच्या दशकात मुख्य प्रवाहातच रॉक बदललं. चमकदार कपडे आणि लांबलचक गिटार सोलो मागे पडले. रोजच्या कपड्यांतली, आतल्या आत धुमसणारी, साध्या कॉर्डवरची गाणी पुढे आली. याला ऑल्टरनेटिव्ह म्हणू लागले. ख्रिस्ती बाजूला डॅनियल एमॉस, द क्वायर, द सेव्हंटी सेव्हन्स यांनी हे आधीपासून चालवलं होतं, पण ते फार थोड्यांपर्यंत पोचलं. सगळ्यांच्या रेडिओवर जाऊन बसलं ते जार्स ऑफ क्ले या बँडचं ‘फ्लड’.

इलिनॉय राज्यात तेव्हा ग्रीनव्हिल नावाचं छोटं ख्रिस्ती कॉलेज होतं. तिथे संगीताचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनी १९९३ च्या सुमारास हा बँड केला: डॅन हॅझेलटाइन, चार्ली लोवेल, स्टीव्ह मेसन आणि मॅट ब्रॉनलीवी. नाव घेतलं करिंथकरांस दुसऱ्या पत्रातून. पौल म्हणतो की आमच्याजवळचं धन मातीच्या भांड्यांत ठेवलेलं आहे, म्हणजे सामर्थ्य देवाचं हे उघड व्हावं. बँडच्या पाटीवर स्वतःचं ठिसूळपण लिहून ठेवणं ही या मुलांची समज फार थोर होती. १९९४ साली नॅशव्हिलची एक स्पर्धा त्यांनी जिंकली, करार समोर आला, आणि ब्रॉनलीवीने जायला नकार दिला. त्याला लग्न करायचं होतं, पदवी पुरी करायची होती. त्याच्या जागी लोवेलचा लहानपणीचा मित्र मॅट ओडमार्क आला. १९९५ च्या पहिल्याच अल्बमने वीस लाखांवर विक्री केली आणि ‘फ्लड’ बिलबोर्डच्या मुख्य यादीत ३७ व्या क्रमांकापर्यंत चढलं.

‘फ्लड’ पुन्हा ऐकण्यासारखं आहे. ख्रिस्ती असो वा नसो, रेडिओवाले ते का वाजवत होते हे तेव्हा कळतं. ते किंग क्रिम्झन या रॉक बँडच्या एड्रियन बेल्यूने घडवलं, तो काही चर्चचा माणूस नव्हे. गाण्याचा सारा जोर अकूस्टिक गिटारच्या खालच्या तारांवर घासत जाणाऱ्या हातात आहे. आवाज वाढवायला इलेक्ट्रिक गिटारची भिंत उभी केलेली नाही. मध्ये एके ठिकाणी सगळं थांबतं, व्हायोलिन वर्गातली वाद्यं आणि एकमेकांत मिसळलेले गळे उरतात, आणि मग पुन्हा तोच घासता ठेका. महापुराची आणि बुडत्या माणसाने मारलेल्या हाकेची ही कथा. येशूचं नाव त्यात कुठेही नाही. धर्माचं गाणं असं आडून, प्रतिमेतून लिहिता येतं हे त्यांनी मोठ्या बाजारात सिद्ध केलं, आणि त्यानंतर कॉलेजातल्या ख्रिस्ती बँडचं पीकच आलं.

ब्रॉनलीवी नंतर संगीत-निर्माता म्हणून नावारूपाला आला. आणि ओडमार्क आल्यावर जार्स ऑफ क्लेचे चौघे पुढची वीस वर्षं तेच राहिले. ड्रम आणि बेसला दौऱ्यापुरते वादक घेत, पण बँड म्हणजे हे चौघे. त्यांनी ‘ब्लड वॉटर’ ही संस्था काढून आफ्रिकेत पिण्याच्या पाण्याचं आणि एड्सग्रस्तांसाठीचं काम उभं केलं. तेच चौघे टिकण्यामागे गाण्याबाहेरचं हे सामायिक काम असावं, असं या बँडचा प्रवास पाहताना वाटत राहतं.

न्यूजबॉइजचा प्रवास याच्या अगदी उलटा. १९९२ च्या ‘नॉट अशेम्ड’पासून स्टीव्ह टेलर या निर्मात्याने त्यांच्या आवाजाला धार आणली, १९९४ च्या ‘शाइन’ या गाण्याने त्यांना घरोघरी नेलं. स्टेजवर ते वाट्टेल ते करत. डंकन फिलिप्सचा ड्रमसेट वादकासकट हवेत उचलला जाई आणि उभा गरगर फिरे. उलटा लटकलेला माणूस ठोका न चुकवता वाजवतो आहे, हे पाहायला लहान मुलं आईवडिलांना ओढून नेत. एका दौऱ्यात तर त्यांनी हवा भरून उभा राहणारा, गावोगाव नेता येणारा भलामोठा तंबूच सोबत नेला. पण वादक बदलतच राहिले. पर्डिकिस १९९० मध्येच बाहेर पडला. जॉन जेम्सने आपल्या व्यसनांविषयी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितलं. गिटारवादक जोडी डेव्हिस २००३ मध्ये आजारी मुलीसाठी घरी राहिला आणि सहा वर्षांनी परतला. मधल्या काळात आधी ब्रायन ओलसन आणि मग पॉल कोलमन यांनी त्याची जागा भरली. २००६ मध्ये बेसवादक फिल जोएल गेला. २००९ मध्ये खुद्द फर्लर थांबला.

त्याच्या जागी आलेला मायकेल टेट हे ख्रिस्ती संगीतातलं आधीच गाजलेलं नाव. डीसी टॉक या त्रिकुटातला तो एक. टोबी मकीहन, टेट आणि केव्हिन मॅक्स यांनी १९९५ च्या ‘जीझस फ्रीक’ या अल्बममध्ये रॅप आणि ग्रंज एकत्र आणलं आणि नंतर तिघे आपापल्या वाटांनी गेले. टोबी एकटा गाऊ लागला. टेट न्यूजबॉइजमध्ये आला. केव्हिन मॅक्स २०१२ मध्ये ऑडिओ एड्रिनलिन या दुसऱ्या जुन्या बँडचा गायक झाला, कारण त्यांच्या मूळ गायकाला, मार्क स्टुअर्टला, स्वरयंत्राच्या विकाराने गाणं अशक्य झालं होतं. एक बँड फुटला आणि त्याचे दोन गळे दुसऱ्या दोन बँडना मिळाले. गंमत पुढे आहे: त्याच ऑडिओ एड्रिनलिनमध्ये नंतर गायलेला अ‍ॅडम एजी जानेवारी २०२५ मध्ये, टेट निघून गेल्यावर, न्यूजबॉइजचा मुख्य गायक झाला.

टेटच्या काळात न्यूजबॉइजला फर्लरच्या काळाइतकंच यश मिळालं. ‘गॉड्स नॉट डेड’ हे गाणं मूळ डॅनियल बश्ता याचं. २०११ मध्ये न्यूजबॉइजने ते गायलं आणि २०१४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. पण जून २०२५ मध्ये टेटवर गंभीर आरोपांच्या बातम्या आल्या, आणि त्यानंतर त्याने जाहीर कबुली दिली: वर्षानुवर्षं कोकेन आणि दारूचं सेवन, तसंच काही पुरुषांना त्यांच्या इच्छेविरुद्ध केलेला स्पर्श. ज्यांनी हे सोसलं त्यांच्यापुढे गाण्याचं काय होणार हा प्रश्न लहान आहे, हे आधी म्हणायला हवं. तरीही तो प्रश्न उरतोच, कारण ती गाणी जगभरच्या चर्चमधल्या मुलांनी आपली म्हणून गायली आहेत.

श्रद्धाच सुटली तर? हेही घडलं आहे. न्यूजबॉइजच्या मूळ दोघांपैकी पर्डिकिसने २०१५ मध्ये आपण नास्तिक असल्याचं लिहून जाहीर केलं. कॅनडाच्या हॉक नेल्सन बँडमध्ये जेसन डन गेल्यावर गिटारवादक जॉन स्टाइनगार्ड गायक झाला होता. मे २०२० मध्ये त्याने आता आपला देवावर विश्वास उरला नाही असं सांगितलं. स्टाइनगार्ड पाळकाचा मुलगा. त्याने प्रामाणिकपणे बोलण्याचं धैर्य दाखवलं, याचा आदरच वाटतो. दर आठवड्याला शेकडो लोकांसमोर विश्वासाचे शब्द उच्चारायचे आणि आत काही उरलेलं नाही हे लपवायचं, ही फार मोठी शिक्षा आहे. बँडमधून माणूस जाण्याची कारणं पैसा, भांडण, संसार अशी असतात. ख्रिस्ती बँडमध्ये त्यांत हे एक जास्तीचं.

मुंबईच्या रॉकमध्ये अदलाबदल पाहायची तर रॉक मशीन हा बँड आठवतो. १९८० च्या दशकात सुरू झालेला, महेश तिनईकरची गिटार आणि उदय बेनेगलचा गळा यांनी ओळखला गेलेला. १९९३ मध्ये त्याने इंडस क्रीड हे नाव घेतलं, १९९७ मध्ये तो थांबला, २०१० मध्ये बेस आणि ड्रमवर नवे तरुण घेऊन पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला. हा धर्माचा बँड नव्हे. त्याला एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे वाजवण्याची ओढ, आणि ती तेरा वर्षांनी पुन्हा जागी होऊ शकते, एवढं त्याच्याकडून शिकता येतं.

भारतातल्या ख्रिस्ती बँडचं ठळक उदाहरण कोचीचा रेक्सबँड. केरळातल्या जीझस यूथ या कॅथलिक तरुणांच्या चळवळीतून तो आला. या चळवळीला २०१६ मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळाली. २००२ मध्ये टोरांटो, २००५ मध्ये कोलोन, २००८ मध्ये सिडनी इथल्या जागतिक युवा दिनांत रेक्सबँड वाजला. संगीतकार अल्फॉन्स जोसेफ आणि कीबोर्डवादक स्टीफन देवस्सी ही चित्रपटसंगीतातली मोठी नावं या बँडशी जोडलेली. माणसं येतात, व्यावसायिक कामात गुंततात, नवी येतात; बँड चळवळीचा आहे, एका गायकाचा नाही.

केरळची ही हवा कल्याणपर्यंत पोचलेली आहे. नोकरीधंद्यासाठी मुंबई-ठाणे-पुणे-नाशिकला आलेल्या मल्याळी कुटुंबांसाठी १९८८ साली सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला आणि २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लिआना’ इथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. ते आपलं कल्याण की आणखी दक्षिणेकडचं एखादं, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद मिटो न मिटो, आज कल्याण-डोंबिवलीत वाढलेली मल्याळी मुलं घरी मल्याळम, शाळेत इंग्रजी, प्लॅटफॉर्मवर मराठी-हिंदी बोलतात आणि चर्चच्या वाद्यवृंदात हे सगळं घेऊन येतात.

अशा वाद्यवृंदाच्या सरावात गायक बदलला की पहिली अडचण पट्टीची. मोबाइलवर ऐकलेलं मूळ गाणं अमेरिकेतल्या एखाद्या उंच गळ्याच्या पुरुषाने ई मेजरमध्ये गायलेलं असतं. हार्मोनियम शिकलेला त्यालाच पांढरी तीन म्हणतो. आधीचा मुलगा ते गात होता. आता त्याच्या जागी मुलगी आली, आणि मुख्य म्हणजे समोर बसलेल्या आजोबांपासून पोरांपर्यंत सर्वांनी ते म्हणायचं आहे. मग गाणं खाली उतरवायचं की वर न्यायचं? गिटारवाला क्लिप लावून मोकळा होतो, कीबोर्डवाला बटण दाबतो, बेसवाल्याला मात्र सगळी बोटं नव्याने बसवावी लागतात. गाणं मराठी असेल तर पुढचा पेच ठेक्याचा. आठ मात्रांचा भजनी आणि रॉकचा चार-चारचा हिशेब मोजायला जुळतो, पण रॉकचा ठोका दुसऱ्या-चौथ्यावर रोखठोक पडतो आणि भजनीला झोल असतो. ड्रमरने ढोलकी कधी ऐकलीच नसेल तर ओळीचा शेवटचा शब्द हमखास ओढला जातो. जुना ड्रमर असता तर त्याने दोन हातांनी मांडीवर वाजवून दाखवलं असतं. तो आता टोरांटोत आहे.

इथेच हेबर, टिळकांचं घर, पेट्रा आणि न्यूजबॉइज यांच्यातला समान धागा हाताला लागतो. माणूस गेल्याने गाणं थांबलेलं फारसं दिसत नाही. जाण्यापूर्वी कुणाच्या हाती काही दिलं होतं का, यावर पुढचं ठरतं. फर्लर माईककडे गेला तेव्हा ड्रमकडे पाहणारा फिलिप्स घरातच तयार होता. हार्टमन स्टेजवरून उतरला पण वही त्याने मिटली नाही. आपल्या चर्चमधले वाद्यवृंद याबाबतीत फार गरीब आहेत. अल्बम नाहीत, ध्वनिमुद्रणं नाहीत, कॉर्ड लिहिलेले कागद कुणाच्या तरी फोनमध्ये असतात आणि फोन बदलला की जातात. मराठी येशूगीतांना तरुणांनी बांधलेल्या नव्या चाली तर एकाच गळ्यात राहून त्याच्याबरोबर विमानात बसतात.

पॅरिशच्या रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघतात तेव्हा त्यांत धर्मगुरूंची सालवार यादी आवर्जून असते. तिच्याखाली वेदीपुढे वाजवणाऱ्यांची यादीही छापायला हवी: नाव, वाद्य, कोणत्या वर्षी आला, कोणत्या वर्षी गेला, कोणती चाल त्याने बांधली, आणि जाताना कुणाला शिकवून गेला.